उष्टावणाआधीचा घास

जेलरोड, नाशिकरोड
१२ मे १९९८

ती. सौ. मैनाआक्कास,
धाकट्या प्रतिभाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील. रागव, पण पत्र पुरतं वाच. इथे सगळे खुशाल. ह्यांना एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात रात्रपाळी आहे, त्यामुळे दिवसा घरात भांडं पडलं तरी माझा जीव दचकतो.

आक्का, नोकरी सोडावी असं मनात घोळतंय. द्वारका चौकाजवळच्या पाळणाघरात मला पाच वर्षं झाली. पगार वेळेवर, रविवारी सुट्टी, फंड कापला जातो, मोठ्या बाईंचाही माझ्यावर जीव आहे. पण तिथला नियम असा, की कामाला असलेल्या बाईनं स्वतःचं मूल आणायचं नाही. म्हणजे मी रोज सकाळी निकिताला शेजारच्या काकूंकडे सोपवते आणि बस धरून परक्या पोरांना जोजवायला जाते. परवा तिला ताप होता, आणि मी तिथे दुसऱ्याच्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. घरी येऊन ढसाढसा रडले.

त्यापेक्षा घरीच चार-पाच मुलं सांभाळली तर? आपल्या मखमलाबादच्या मळ्यात बायका झेंडू खुडायला यायच्या, तेव्हा आई त्यांच्या पोरांच्या झोळ्या बांधावरच्या आंब्याला बांधायची आणि तू-मी दोऱ्या ओढत बसायचो. त्याला कुणी पाळणाघर म्हणत नव्हतं. तो गारवा मला हल्ली सारखा आठवतो.

तुझं मत कळव. दाजींना नमस्कार. तुझी माया आहेच, तिला दृष्ट न लागो.

तुझी,
प्रतिभा

घोटी
२० मे १९९८

चि. सौ. प्रतिभास,
आक्काचे अ. उ. आ.

पत्राला कोंडा लागला असेल तर झटकून घे. भाताच्या गिरणीत पोत्यावर बसून लिहितेय.

आंब्याचा गारवा बरा आठवतो तुला. दोऱ्या ओढता ओढता तू झोपून जायचीस, ते नाही आठवत. पोरं रडली की बोलणी मी खायचे.

आता मोठी बहीण म्हणून सांगते. पाळणाघरात चार बाया आहेत, वर मोठ्या बाई आहेत. काही चुकलं तर ओझं वाटलं जातं. घरी सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर. तिथे पाच वाजले की पदर झटकून निघतेस. घरी पोराची आई सातला आली तरी तू हसून दार उघडायचंस. माहेरपणाला माझ्याकडे यायचीस, तेही गेलं म्हण. तुझे दाजी तर म्हणाले की बांधलेली नोकरी हाय, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नाय.

पण निकिताच्या तापाचं मी दोनदा वाचलं. कर तुझ्या मनाचं. एवढंच ध्यानात ठेव, लोकांचं पोर म्हणजे लोकांचा विश्वास.

जीवनरावांना दिवसा झोपू देत जा. पोरीला माझा पापा. इथे तुझी आठवण काढणारं माणूस आहे, हे विसरू नकोस.

आक्का

जेलरोड, नाशिकरोड
५ जानेवारी १९९९

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

घरच्या पाळणाघराला सात महिने होत आले. चार मुलं आहेत. निकिता त्यांची ताई झालीये आणि माझ्यापेक्षा जास्त दरडावते. ह्यांची रात्रपाळी असली की दिवसभर आम्ही सगळे कुजबुजत खेळतो. दमते, पण बरं वाटतं.

पण आक्का, माझ्या हातून मोठी चूक झालीये. तुझ्याशिवाय कुणालाच सांगितलेली नाही.

माझ्याकडे राज नावाचं सहा महिन्यांचं बाळ आहे. त्याची आई मनीषा बँकेत जाते. काल त्यानं बाटली तोंडाला लावूच दिली नाही. रडून रडून घसा बसला. हे वाण्याकडून दोनदा बँकेत फोन करून आले, पण लागला नाही. शेवटी मी निकितासाठी केलेला मऊ भात वरणाच्या पाण्यात कुस्करला आणि बोटानं त्याच्या तोंडाला लावला. अगं, मिटक्या मारत वाटीभर खाल्ला आणि झोपला. मीही खूश.

संध्याकाळी मनीषा आली ती बोलावणं घेऊनच. रविवारी, सतरा तारखेला राजचं उष्टावण आहे. मनमाडहून मामा चांदीची वाटी घेऊन येणार, सिन्नरकडची आजी येणार. बाळाच्या तोंडी अन्नाचा पहिला घास मामानं घालायचा, आणि तो मी आधीच घालून बसले होते! मनीषाचा चेहरा इतका फुलला होता की माझी जीभच उचलली नाही.

त्यात पाळणाघराच्या मोठ्या बाईंचा निरोप आलाय. बाकीच्या बायांवर देखरेख करायला परत ये, पगार वाढवून देते, अठरा तारखेच्या सोमवारपर्यंत उत्तर दे. तिथे प्रत्येक बाळाचं कार्ड असतं. कार्डावर नाही ते तोंडात जात नाही. तिथे असते तर हे घडलंच नसतं. मनीषाला सांगू का? तिनं राजला काढून घेतलं तर बाकीच्या आयाही काढतील. माझं सगळंच बंद पडेल. लवकर लिही.

घाबरलेली,
प्रतिभा

घोटी
१० जानेवारी १९९९

चि. सौ. प्रतिभास,
आक्काचे अ. उ. आ.

वेडे, पत्र वाचून मी आधी पोटभर हसले. कुणाला कळणार आहे? बाळ काही साक्ष द्यायला उभं राहत नाही.

आता माझंही ऐक. आंब्याखाली तू झोपायचीस, तेव्हा रडणाऱ्या पोराला मी बोटाला गूळ लावून चोखवायचे. मळ्यावरच्या निम्म्या पोरांचं उष्टावण मीच केलंय. तो कोंडाजी, आता दोन लेकरांचा बाप, त्याच्याही मामाला अजून पत्ता नाही. आईला कळलं तेव्हा मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. पण ती एवढंच म्हणाली की पोर उगी झालं ना, मग बास. आई गेल्यापासून हे कुणाशी बोलले नव्हते. लिहिताना तो बांध, फुलांच्या पाट्या, आईचा ओला पदर, सगळं जवळ आलं. डोळे पुसून पुढे लिहितेय.

तेव्हा तू गप्प राहा, जा, पोटभर जेवून ये. आणि बाईंना हो कळव. मी आधीच सांगत होते. जाणाऱ्या माणसाबरोबर तिळगूळ पाठवतेय. तो खा आणि माझ्यावर रुसू नकोस.

आक्का

जेलरोड, नाशिकरोड
४ जून २००६

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. काल तू आवाजाचं विचारलंस आणि मी सर्दी झालीये म्हणाले. सर्दी नव्हती. राजच्या वडिलांची बदली झाली आणि परवा ती सगळी औरंगाबादला गेली.

त्या उष्टावणाचं तू तेव्हा विचारलंस, तर छान झालं एवढंच मी सांगितलं. तू गप्प राहा म्हणाली होतीस. मी गप्प राहिले नव्हते, आणि हे तुला सांगायला मला सात वर्षं लागली.

मामानं खिरीचा चमचा उचलला आणि राजनं आधीच आ वासला, मुरलेल्या जेवणाऱ्यासारखा. सगळे हसले. मनीषा तर कौतुकानं टाळ्या पिटत होती. मला ते बघवेना. तिला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगून टाकलं. ती भांडली नाही. तेरा दिवस रोज संध्याकाळी ती माझ्या दारात येत होती, तेव्हा का सांगितलं नाही, एवढंच तिनं विचारलं. सोमवारी राज आला नाही.

त्याच सोमवारी बाईंना उत्तर द्यायचं होतं. रिकाम्या झोळीशेजारी बसून मी नाही म्हणून लिहून दिलं. हे म्हणाले, डोकं फिरलंय का तुझं. पण तिथे मी कार्ड बघितलं असतं, राज उपाशी रडला असता आणि कुणी मला नावं ठेवली नसती. तशा बिनघोर नोकरीत परत जायला मन धजेना. भरवल्याचं मला काही वाटत नव्हतं, लपवल्याचं मात्र फार लागलं होतं.

आठ दिवसांनी दारात रिक्षा थांबली. राजची आजी बायडाबाई त्याला कडेवर घेऊन उतरल्या. म्हटलं, आता ऐकून घ्यायचं. त्यांनी पोर माझ्या मांडीवर टाकलं आणि सांगितलं की आठ दिस झाले, ह्यो कुणाच्या हातनं धड खात नाय, जिनं गोडी लावली तिनंच भरवावं. मनीषाला विचारलंत का म्हटलं, तर रिक्षा तिनंच करून दिली होती.

संध्याकाळी मनीषा आली. उंबऱ्याबाहेर उभं राहून तिनं विचारलं, आज काय काय खाल्लं. मी सगळं सांगितलं, किती घास घेतले, किती थुंकले, कुठला निकिताच्या अंगावर उडाला. ऐकता ऐकता ती उंबऱ्यावर टेकली आणि दिवेलागण झाली तरी उठेना. मग हे रोजचंच झालं. राज शाळेत जायला लागल्यावरही दुपारी माझ्याकडेच जेवायचा.

शुक्रवारी ती त्याला शेवटचं न्यायला आली. मी नेहमीसारखं सांगायला लागले आणि मधेच पदरानं राजचं तोंड पुसत बसले. मग तीच बोलली. तिथे तो शाळेतून येईल, कुलूप उघडेल, एकटा जेवेल, आणि काय जेवला हे संध्याकाळी तिला सांगायला कुणी नसेल. आम्ही दोघी तिथेच बसून रडलो, आक्का, आणि राज आम्हाला हसत होता.

दोन दिवस तुझ्याकडे येऊ का? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्रतिभा