मेलेल्यांचं ताट

बुधवार, १९ ऑक्टोबर १९०४

आजही लोणी काढताना हात लावू दिला नाही! सासूबाई म्हणतात, "तुझा हात लागला की लोणी रुसतं." मग मी मागच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि पुढच्या दाराने आत आले. घुसळण चालू असताना दारातून जो येईल त्याने दांड्याला हात लावायचाच, नाहीतर लोणी येत नाही — नियम त्यांचाच. दांडा हातात द्यावाच लागला. लोणी आलं, चांगलं गोळाभर आलं. "मीठ जास्त घालू नकोस," म्हणाल्या. झालं कौतुक.

रविवार, २३

पाव भाजण्याआधी त्यावर सुरीने क्रूस कापायचा असतो; मी वाकडा कापला म्हणे. पावाला कळतं का!

गुरुवार, २७

सोमवारी हॅलोवीन. बटाटे आणि कोबीची पानं घोटायची, वर आळं करून लोणी घालायचं. एक ताट चुलीपाशी ठेवायचं — त्या रात्री घरातली गेलेली माणसं जेवायला येतात. त्यात मामंजींचा चमचा खोचतात. मला शेजारी एक छोटा खोचायचा आहे, माझ्या बाळीसाठी. मार्चमध्ये तासभर जगली. बाप्तिस्म्याआधी गेली म्हणून चर्चच्या आवारात जागा नाही. समुद्राकडच्या कुंपणाखाली पुरली तिला.

कोलमनला सांगितलं. "आईला विचार," म्हणे. असा नवरा!

शुक्रवार, २८

विचारलं. मान वर न करता म्हणाल्या, "जिला नाव नाही तिला चमचा कसला? या घरात तो विषय काढायचा नाही. मी कधी काढला नाही."

"तुम्ही कशाला काढाल? तुमचा एकुलता एक धडधाकट आहे!" — निघून गेलं तोंडातून. त्या उठून डुकरांना खायला घालायला गेल्या.

सोमवार, ३१

बटाटे घोटून दंड भरून आले. मागून एकच — "गाठी राहिल्यात." ताट मीच लावणार, म्हणाल्या. लावा!

मंगळवार, १ नोव्हेंबर

सकाळी ताट उचलायला गेले. मामंजींचा मोठा चमचा. त्याच्या शेजारी छोटे — दोन. माझी तर एकच गेली.

सासूबाई पाठ करून राख उकरत होत्या. "कोलमनच्या आधीचा," म्हणाल्या. "तोही तिथेच आहे, कुंपणाखाली. उभी काय राहिलीस? चमचे धू."

धुतले. दोन्ही छोटे एकत्र ठेवले.