भिंतीकडचं रेलिंग

४ मार्च
निर्णय झाला. स्विमिंग पूलच्या पायऱ्यांवरचं रेलिंग बदलायचं. रेलिंग कसलं, आधीच्या मालकाने पायऱ्यांच्या मधोमध रोवलेला एक पाइप. त्यावर निळा ऑइलपेंट, त्याचेही पापुद्रे निघालेले. हॉलमधून बाहेर पाहिलं की पहिली नजर त्यावरच जाते.

हिच्या आजारपणापासून पूल म्हणजे आमचा दवाखाना. झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलं. फिजिओबाई म्हणतात, पाण्यात चालायचं, रोज, आणि पहिल्या काही महिन्यांत जे परत मिळेल ते खरं. ही डाव्या हाताने पाइप धरून उतरते, पाण्यात चालते, पाइपच्या पलीकडून पुन्हा डाव्याच हाताने धरून वर येते. छान चाललंय. पण मला तिच्यासाठी यापेक्षा चांगलं काहीतरी हवं. जन्मभर लोकांची इंजिनिअरिंग ड्रॉइंग तपासून दिली. बायकोसाठी एक रेलिंग म्हणजे काय मोठंसं?

५ मार्च
फॅब्रिकेटरला बोलावून जुना पाइप मुळापासून कापला. परतीचे दोर कापले की माणूस झटून कामाला लागतो.

ही खिडकीपाशी बसून बघत होती. दोनदा ‘नको’ म्हणाली. ग्राइंडरचा आवाज सहन होत नसावा. मी खिडकी लावून घेतली. हल्ली हिच्या मनातलं मला बरोबर कळतं.

नवीन रेलिंग फार तर आठवड्याभरात.

११ मार्च
घाई करून चालत नाही. क्लोरीनच्या पाण्यात साधं स्टील डाग धरतं. ३१६ ग्रेडच हवं. फॅब्रिकेटरला विचारलं तर म्हणाला, तुम्ही म्हणाल ते, साहेब. कशालाही हेच म्हणतो. स्वतःचं असं मत नाही. अशा माणसांशी माझं चांगलं जमतं.

फिजिओबाई विचारत होत्या, तोवर पाण्याचं काय? म्हटलं, तोवर खोलीत करा की काहीतरी. बाई मला म्हणाल्या, तुम्हीच पाण्यात उतरून धराल का यांना? सर्दीचं कारण सांगितलं. सर्दी होती. थोडी.

१९ मार्च
फिनिश. आरशासारखं की मॅट? आरशावर बोटं उमटतात. मॅट बरं, पण फोटोत उठून दिसत नाही.

हिचंही मत घ्यावं म्हणून दोन्ही सॅम्पलं हिच्या हातात दिली. मुद्दाम उजव्या हातात, तेवढाच व्यायाम. दोन्ही सुटली. एक तिच्या पायावर पडलं. ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझी आई बघायची अशी, मी मार्कलिस्ट लपवली की.

अंगठा सुजलाय. म्हणजे काही दिवस पाण्यात उतरायचं नाहीच. म्हणजे फिनिश शांतपणे ठरवता येईल.

२ एप्रिल
मॅट. फायनल.

जागाही फायनल. मधोमध नाही, भिंतीकडे. हॉलमधून पाहिलं तर नुसतं स्वच्छ पाणी दिसेल. ड्रॉइंग मुलीला पाठवलं. दुसऱ्या गावी असते, नोकरीत बुडालेली, तरी लगेच फोन आला. म्हणाली, बाबा, उतरताना भिंत आईच्या डाव्या हाताला, ठीक आहे. वर येताना ती उजव्या हाताला जाणार. त्या हाताने तिला चमचासुद्धा धरता येत नाही.

मी शांतपणे समजावलं. वर येताना पाठमोरं चढायचं, म्हणजे डावा हात आपोआप भिंतीकडे. पाठमोरं, असं दोनदा विचारून घेतलं. पटलं असावं. मग म्हणाली, निदान दोन्ही बाजूंना लावा. दोन्ही बाजूंना लावलं तर घर आहे की हॉस्पिटलचा कॉरिडॉर? बघतो म्हटलं.

बघणार नाही.

१५ एप्रिल
फॅब्रिकेटर आला नाही. फोन उचलत नाही. या देशात काम करणाऱ्यांना कामाची चाड नाही.

१६ एप्रिल
फॅब्रिकेटर आला होता. मी झोपलो होतो. बेल वाजली तेव्हा हिने दार उघडायचा प्रयत्न केला, तोवर तो निघून गेला. हिने मला उठवायला हवं होतं. तसं म्हटलं. आता वाईट वाटतंय. लिहून ठेवतो, म्हणजे झालं.

२७ एप्रिल
उंची ठरवली. मी पायरीवर उभा राहिलो आणि हात सहज जिथे टेकला तिथे खूण केली. हिचं माप घेणार होतो, पण ही हल्ली बसूनच असते. बसलेल्या माणसाचं माप कसं घेणार?

फिजिओबाईंनी आज हिचा पाय वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, मार्चमध्ये हा गुडघा इतका ताठ नव्हता. असं म्हणताना माझ्याकडे कशाला बघायचं? मी काय गुडघ्याला हात लावलाय? बाईंचा स्वभावच किरकिरा. निघताना हिच्या डोक्यावरून हात फिरवला. ही रडली. औषधांनी माणूस हळवा होतो.

१२ मे
ड्रिलिंग. दोन टाइल्स तडकल्या. फॅब्रिकेटर म्हणाला, लक्षातही येणार नाही. मला दिवसभर दुसरं काही दिसलं नाही. पण रेलिंग बसलं! हलवून पाहिलं. दगडासारखं घट्ट.

ही दारात वॉकर धरून उभी होती. डाव्या हाताने पायऱ्यांच्या मधल्या जागेकडे दाखवत होती, जिथे जुना पाइप होता. म्हटलं, हो हो, कापलेलं बूड घासून घेऊ, पायाला लागणार नाही. ही मागे फिरली. इतका बारीक विचार मी करतो, पण कौतुकाचा एक शब्द नाही.

१६ मे, सकाळ
आज उद्घाटन. फिजिओबाईंना बोलावलं नाही, उगाच फाटे फोडतात. फॅब्रिकेटरला बोलावलंय, त्यालाही आपलं काम बघू दे.

१६ मे, संध्याकाळ
उतरली छान. डावा हात रेलिंगवर, एकेक पायरी. उंच पडतंय थोडं, खांदा वर उचलावा लागतो, पण उतरली. पाण्यात उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी हसली. फोटो काढला. मुलीला पाठवला. खाली लिहिलं, ‘बघ.’

मग वर यायची वेळ झाली. रेलिंग उजवीकडे आलं. म्हटलं, वळ, पाठमोरी चढ. वळली. टाच पायरीवर टेकेना. पाय घसरला आणि तोंड पाण्याखाली गेलं. पुन्हा वर आली, डाव्या हाताने रेलिंग घट्ट धरून. सोड म्हटलं, माझा हात धर. सोडेना. मग मी तिचा दुसरा हात धरून ओढला.

खांदा निखळला.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो लिहिता येत नाही. फॅब्रिकेटरने कपड्यांनिशी उडी मारली. दोघांनी मिळून तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बाहेर काढलं. तिचे ओठ निळे पडले होते. माझ्या गळ्यात दोरीला अजून मोबाइल लटकत होता.

घाबरलो. फार घाबरलो.

१९ मे
हॉस्पिटलमधून घरी. खांदा पट्टीत. फिजिओबाई म्हणाल्या, या हाताला ओढायचं नसतं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं असेल. आता पाणी बंद. चालणं कितपत येईल, त्यांनी सांगायचं टाळलं. मीही विचारलं नाही.

ठरवलंय, दुसऱ्या बाजूलाही रेलिंग लावायचं. उद्याच फोन करतो.

२० मे
मुलगी आली. माझ्याशी बोलली नाही, सरळ आत गेली. मी दाराशी उभा होतो. हिने तिचा हात धरला आणि म्हणाली, “मला इथून घेऊन चल.”

आजारपणानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य! कुठे अडखळली नाही. मी उत्साहाने फिजिओबाईंना कळवायला फोन उचलला. नंबर लावला. मग तिकडून हॅलो हॅलो येत राहिलं आणि मी फोन ठेवून दिला.

२१ मे
गेल्या. गाडीचं दार मी उघडून धरलं होतं. ही दुसऱ्या बाजूने बसली.

६ जून
मुलीचा निरोप, आई आता इथेच राहील. बाकी काही नाही. हवापालट बरा असतो.

फॅब्रिकेटर विचारत होता, दुसऱ्या बाजूचं कधी करायचं? सांगतो म्हटलं.

दुपारी स्वतः पूलमध्ये उतरलो. रेलिंगची नीट ट्रायल झालीच नव्हती. जरा फिरलो, वर आलो. उंची बरोबर, पकड बरोबर, उजव्या हाताला चोख बसतं. काम उत्तम झालंय. काठावर थोडा वेळ उभा राहिलो. टॉवेल आत राहिला होता. आणून द्यायला घरात कोणी नव्हतं. तसाच ओला आत गेलो.