आलं का चित्र?

१२ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत आणि मी लग्नही केलेलं नाही. फोनवर पोलिसांचा कान असतो असं आमच्या बाजारात सगळे म्हणतात, म्हणून हा खटाटोप. पत्र हल्ली कुणी फोडत नाही, कारण त्यात काही कामाचं असेल असं कुणाला वाटतच नाही. उपग्रहाशी धंदा करणारा तुझा भाऊ पाकिटाला जिभेने तिकीट चिकटवतो आहे, बघून घे माझी प्रगती.

बातमी अशी, की डिश आणि चोरून चॅनेल दाखवणारे डबे विकणाऱ्यांवर धाडी सुरू झाल्या आहेत. परवा समोरच्या गल्लीतल्या टकल्याचं दुकान सील झालं. मी ताबडतोब हुशारी केली. 'सगळे चॅनेल, बिल नाही' ही पाटी उतरवली, डबे मागच्या खोलीत नेले आणि पुढे बल्ब आणि पंखे मांडले. काल एक बाई खरोखरच बल्ब मागायला आली, तर मला त्याची किंमतच सांगता येईना. ती माझ्याकडे अशी बघून गेली की पोलीस परवडले.

खरी काळजी तुमच्या घरातल्या डब्याची आहे. मागच्या खोलीतल्या मोठ्या यंत्रात कंपनीचं, पैसे भरून घेतलेलं माझं एकच खरं कार्ड आहे आणि त्याच्या जोरावर सगळ्या गिऱ्हाइकांच्या डब्यांची कुलपं इंटरनेटवरून उघडतात, त्यात आबांच्या खोलीतलंही. आबांना हे कळता कामा नये. ज्या माणसाने जन्मभर सरकारी नोकरीत लोकांच्या रेडिओची लायसन्सं तपासली, बिनलायसन्सच्या रेडिओची छपराछपरावर लपवलेली तार जो शोधत फिरला, त्याने पोटच्या पोराचा हा धंदा कळल्यावर तीन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलंय. मी आलो की खुर्ची खिडकीकडे फिरवतात आणि मला काय सांगायचं ते तुला सांगतात. तेही मी सोसतो, कारण एक दिवस बोलतील अशी आशा आहे. पण रोज बघतात ते चित्रच मी चोरून दिलंय हे कळलं, तर ती आशाही गेली.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो जप्तीत जाऊ नये एवढी विनंती.

तुझा,
ठोंब्या


१९ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीच्या पायाचं. पोलिसांनी फोडलं असतं तरी त्यांना काही लागलं नसतं, तेव्हा निर्धास्त राहा.

इकडे आबांचा दिवस टीव्हीसमोर उगवतो आणि तिथेच मावळतो. डोळ्याच्या ऑपरेशननंतर वाचन कमी झालं, आता सकाळच्या पेपरातले मथळे तेवढे भिंगाने वाचतात. बाकी तेच एक चित्र उरलंय त्यांना. बिल यांच्या पगारातून कापलं जातं असं मी सांगून ठेवलंय, ते तुला ठाऊकच आहे. पण त्याचा परिणाम तुला ठाऊक नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आबा तुझ्या भावजींचे आभार मानतात. हे लाल होतात आणि कुंड्यांना पाणी घालायला पळतात. आमच्या कुंड्या त्या दिवशी हटकून बुडतात. वर आबा शेजारच्या काकांना समजावतात की पैसे भरून घेतलेल्या चित्राला एक वेगळंच तेज असतं. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी असते. हसू येतं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखंही होतं.

मागच्या पावसात डिश हलली तेव्हाचं विसरला नाहीस ना? आबा फिरायला गेलेले बघून तू गच्चीवर चढलास आणि मी टीव्हीसमोरून आलं, गेलं, आलं, गेलं करत घसा बसवून घेतला. गल्लीला वाटलं आमच्याकडे कुणाला झटके येताहेत. असलं चोरून जगणं आता मला झेपत नाही रे. तो धंदा बंद कर. तू हुशार आहेस, फक्त अक्कल नाही.

जेवण वेळेवर कर. पोलीस आले तर उलट बोलू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ऐकशील तर जास्त पाठवीन.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आले. आणि मी उलट बोललो नाही, तेवढं तुझं ऐकलं. त्यापेक्षा मोठा गाढवपणा केला, तो सांगतो.

साहेब, दोन शिपाई, दोन पंच आणि कंपनीचा एक माणूस, असे सगळे माझ्या दुकानात मावेनात. मी स्टुलं दिली, चहा सांगितला. त्यांनी मागच्या खोलीतला सगळा माल बाहेर काढला आणि पंचनामा लिहायला घेतला. आता ऐक. मधलं मोठं यंत्र बघून साहेब म्हणाले की हे तर भंगार दिसतंय, नादुरुस्त म्हणून लिहा. ताई, मला गप्प बसता आलं असतं. वकील म्हणतात, तिथे गप्प बसलो असतो तर निम्मी केस तिथेच ढिली पडली असती. पण त्या यंत्राची एकेक वायर मी हाताने बांधलेली. माझ्या कामाला भंगार म्हटलेलं मला सहन झालं नाही. मी साहेबांना नम्रपणे सांगितलं की ते उत्तम चालतं आणि सगळ्यांसमोर टीव्हीला जोडून दाखवलं. एकामागून एक सगळे चॅनेल फिरवले. एक पंच तर मॅच लागल्यावर थोडा वेळ तिथेच ठेवा म्हणाला. साहेबांनी शांतपणे 'नादुरुस्त' खोडून 'चालू स्थितीत, आरोपीने स्वतः खात्री करून दिली' असं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. कंपनीचा माणूस मात्र वायरी न्याहाळत बराच वेळ उभा होता.

गिऱ्हाइकं शोधायलाही त्यांना कष्ट पडले नाहीत. मी प्रत्येक डब्यावर माझ्या नावानंबराचा स्टिकर लावतो, तक्रार असल्यास संपर्क साधा म्हणून. चोरीच्या मालाला सेवेची हमी देणारा मी पहिलाच, असं शिपाई म्हणाला.

जामीन झालाय. कोठडीत ढेकूण होते, बाकी वागणूक चांगली. यंत्र त्यांनी बंद करून नेलं, म्हणजे तुमच्याकडचंही चित्र त्याच क्षणी गेलं असणार. आबांना काय सांगितलंस? विचारायचा धीर होत नाही, तरी विचारतो.

आरोपी असलो तरी तुझाच,
ठोंब्या


८ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

रागावणार होते, पण तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, आता दोन्हीला वेळ नाही.

चित्र गेलं तेव्हा आबा बातम्या बघत होते. मी म्हटलं, कंपनीचं काहीतरी बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी पेपरात तुमच्या बाजारातल्या धाडींची बातमी मोठ्या मथळ्याने आली. आबांनी भिंग घेऊन ती सगळी वाचली, मग उठून डब्याकडे गेले, त्याची मागची बाजू फिरवली आणि तुझा स्टिकर वाचला. पुसताना मी तो काढून टाकायला हवा होता. मला कधी वाटलंच नाही की कुणी डब्याच्या पाठीमागे बघेल. जन्मभर लोकांच्या रेडिओच्या पाठीमागे बघत आलेला माणूस घरात असून वाटलं नाही.

त्यांनी टीव्हीवर चादर घातली. तेव्हापासून ते माझ्याशीही बोलत नाहीत. चहा हवा तर तुझ्या भावजींना सांगतात, आणि हे मला सांगतात. खोटं मी बोलले, बिलाचं नाव यांचं, पण शिक्षा फक्त मला. हे आता फुकटात आबांचे लाडके झालेत आणि कुंड्या सुकायला लागल्यात. पण ठोंब्या, सगळ्यात वाईट म्हणजे आबा अजूनही दिवसभर तिथेच बसतात, त्या चादरीकडे तोंड करून. मला ते बघवत नाही. तू काहीतरी कर. काय ते मला विचारू नकोस.

तुझी,
ताई


२५ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काहीतरी केलंय. कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि दुकान सोडलं. आणि आता खुर्चीला धरून बस. धाडीला आलेल्या कंपनीच्या त्या माणसाने मला बोलावून घेतलं. असं वायरींचं काम आमच्या एकाही माणसाचं नाही म्हणाला, आणि मला डिश बसवणारा म्हणून ठेवून घेतलं. गावातली सगळी छपरं मला आधीच पाठ आहेत. पूर्वी ज्यांच्याकडे चोरीची डिश बसवली त्यांच्याकडे आता खरी बसवायला जातो. लोक बिलाचं ऐकून मला चोर म्हणतात, जे आधी कुणीच म्हणत नव्हतं. गणवेश मिळालाय, टोपी कानांवरून खाली उतरते.

आबांच्या खोलीसाठी माझ्या नावाने रीतसर जोडणी मागितली आहे. बिल खरोखर माझ्या पगारातून कापलं जाईल. अकरा एप्रिलला मी स्वतः बसवायला येतो. त्यांना आधी सांगून ठेव, आणि ते फिरायला जातात ती वेळ मी धरणार नाही. हाकलायचं तर तोंडाने हाकलू देत. तू टीव्हीसमोर हवीस, ते विसरू नकोस.

घाबरलेला,
ठोंब्या


१३ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला टीव्हीसमोर थांब म्हणून लिहिलं होतं आणि तू नेमकी त्या दिवशी शिंप्याकडे गेलीस! मी गच्चीवर, खाली खोलीत आबा एकटे. मी डिश उभी केली, सिग्नल मोजायचा मीटर लावला आणि तसाच बसून राहिलो. खालच्या खिडकीकडे वाकून विचारायची छाती होईना. शेवटी डोळे मिटून ओरडलो, आलं का चित्र? मी टोपी काढून घाम पुसला. मग आबांचा आवाज आला, की नाही आलं, थोडं डावीकडे घे. ताई, तीन वर्षांनी. माझ्या हातून पाना निसटला तो शेजारच्यांच्या पत्र्यावर पडला.

पण एक भानगड झाली. माझा मीटर भरून दाखवत होता आणि आबा मात्र नाहीच म्हणत होते. डावीकडे, उजवीकडे, जरा वर, आता गेलं, पहिल्यासारखं कर. उन्हं उतरेपर्यंत मी डिश फिरवत होतो. मध्येच त्यांनी विचारलं की टोपी घातली आहेस ना, ऊन आहे. घातली आहे म्हणालो. कोठडीत जेवण देतात का, तेही विचारलं. देतात म्हणालो. शेवटी एकदाचं आलं म्हणाले, तेव्हा डिश मी पहिल्यांदा उभी केली होती तिथेच होती. बाकीची कामं राहिली म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली, आणि गाडी चुकेल म्हणून घाईत तुला न भेटता निघालो. मीटर आता बदलून मागणार आहे. चोरीच्या धंद्यातला माझा जुना मीटर कधी खोटं बोलला नाही, आणि हा इमानदार कंपनीचा बघ.

तुझा,
ठोंब्या


१८ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

मीटर बदलून मागू नकोस. आधीच टोपी मोठी आहे, त्यात आणखी हसू करून घेशील.

शिंप्याकडे माझं काही काम नव्हतं. मी मुद्दामच बाहेर पडले होते. पण धीर धरवेना, म्हणून अर्ध्या वाटेतून परतले आणि दाराशी येऊन उभी राहिले. आत टीव्ही चालू होता. चित्र इतकं लख्ख, की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातल्यांचे खडे मोजता आले असते. आबांनी आवाज पार बंद केला होता. चादर घडी करून मांडीवर घेतली होती, तोंड छताकडे, डोळे पुसत होते आणि वर ओरडून सांगत होते की नाही आलं रे, अजून थोडं डावीकडे घे.

मी चपला हातात घेतल्या आणि हळूच मागे जाऊन जिन्यात बसले, तुमचं होईपर्यंत.

काल आबांनी मला चहा मागितला. मलाच. वर म्हणाले, चित्र ठीक आहे, पण त्याला सांग महिन्यातून एकदा येऊन बघून जा, डिश हलते.

वाट बघतो आहोत, तिघंही.

तुझी,
ताई