नावामागे एक चिमूट

३ नोव्हेंबर १९५४, नागपूर

आलो एकदाचा! विणकरांच्या वस्तीत खोली मिळाली. घरमालक बापूजी मागावर लुगडी विणतात. त्यांच्या बायकोने, रुख्माबाईंनी, पहिल्याच जेवणात असं तिखट वाढलं की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. वर त्याच हसल्या! मधुसूदन हे नाव त्यांना लांबलचक वाटलं, म्हणून मी आता 'बाबू'. विद्यापीठाचं काम सोपं आहे: इथे तोंडाच्या कॅन्सरने इतकी माणसं का जातात, ते घरोघर विचारायचं. माझा संशय तंबाखूवर.

६ नोव्हेंबर

इथली एक तऱ्हा. त्या रोगाने गेलेल्याचं नाव कोरड्या तोंडाने घेत नाहीत. आधी तंबाखूची चिमूट गालात धरायची, मग नाव. नाहीतर तो आपली चिमूट मागायला येतो म्हणे. आली का पंचाईत! ज्याच्यावर संशय, तेच मी खाऊ? मी चिमूट तोंडाशी नेतो आणि हळूच रुमालात टाकतो. बापूजींचा भाऊ शालिकराम असाच गेला. त्याच्यासकट पुष्कळ नावं आज मोठ्याने म्हणून उतरवून घेतली.

१० नोव्हेंबर

उठलो तो तोंडाला तंबाखूची चव. जन्मात कधी खाल्लेली नाही! डाव्या गालात आतून टोचतंय. दाढ असेल. चुळा भरभरून दमलो, थुंकी काळीच येते.

१३ नोव्हेंबर

दाढ नाही. आरशात पाहिलं, गालात पांढरा चट्टा. असा पडायला वर्षं लागतात, आणि मी तर —

रुख्माबाईंना धुण्यात रुमाल सापडला. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "नावं तं घेतली, बाबू. मंग चिमटी कोणाले देल्या?" मला रडूच कोसळलं.

१५ नोव्हेंबर

उजव्या गालातही. तोंड जेमतेम उघडतं. भयंकर घाबरलोय. आज खरीच खाल्ली — एकेकाचं नाव घेत. ओकलो. तोंड रिकामं आहे, तरी आत कुणीतरी चघळतंय. मी नव्हे —

१७ नोव्हेंबर

ठणका थांबला. अगदी थांबला. बापूजी टांगा आणायला गेलेत, डॉक्टरकडे न्यायला — मला वाटतं डॉक्टरकडेच.

रुख्माबाई अंगणात शेजारच्या भागीरथाबाईंशी बोलताहेत. खिडकीतून दिसतंय. डबी उघडली. तंबाखू चुना लावून मळली. चिमूट गालात धरली — आता कुणाचं —

"मधुसूदन मोठा गुनाचा पोरगा होता वं."

मी इथे आहे. हाका मारतोय, दोघींपैकी एकही वळून —