इंजिनाचा पोळा

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मु. मोहगाव, ता. सौसर
भाद्रपद शुद्ध द्वितीया, शके १९०३

रा. रा. केशवराव जावईबुवा यांसी मोरेश्वरचा सप्रेम नमस्कार.

आपण, चि. सौ. सरला आणि लेकरे देवाच्या कृपेने खुशाल असाल. तिकडे रामाकोन्याला पाऊस आहे का? इकडे वीस दिवस थेंब नाही. हरण्या आणि बांड्या कसे आहेत? (हे आपलं सहज. घरातल्या सगळ्यांची विचारपूस करायची आणि त्यांना वगळायचं, हे बरं दिसत नाही.) हरण्या सरकीची ढेप भिजवून दिली तरच खातो, हे मागच्या तीन पत्रांत लिहिलंच आहे.

पत्रास कारण विशेष नाही. पोळ्याची हकिगत दुसऱ्या कोणाकडून कानावर येण्यापूर्वी माझ्याकडून यावी, इतकंच.

अक्षय तृतीयेला मी विहिरीवर डिझेल इंजिन आणलं आणि बैलजोडी कुंकू लावून बहिणीच्या घरी, म्हणजे आपल्याकडे, कायमची दिली. त्या वेळी ओसरीवर मी काय बोललो ते आपल्याला आठवत असेल. नसेल तर उत्तम. बैल काम नसलं तरी खातो, इंजिन काम असलं तरच खातं, असं मी म्हणालो होतो. वाक्य खोटं नव्हतं. फक्त इंजिन जे खातं ते पिकतं कुठे, हा विचार राहून गेला. बैलाची वैरण माझ्याच शेताच्या धुऱ्यावर उगवत होती. इंजिनाची वैरण समुद्रापलीकडे, वाळूच्या खाली आहे. तिकडे दोन राज्यं भांडली (रेडिओवर आपणही ऐकत असाल) की सौसरच्या पंपावर भाव चढतो, नाहीतर टँकरच येत नाही, आणि इकडे माझ्या बागेतली लिंबाएवढी संत्री पाण्यावाचून गळून पडतात. त्या लोकांना मोहगाव ठाऊक नाही. मलाही त्यांची नावं नीट घेता येत नाहीत. इतक्या अनोळखी माणसांच्या हाती मी आपली विहीर कशी दिली, हे नेमकं पूजेला बसल्यावर मनात येतं आणि जप चुकतो. शिवाय इंजिन शेण देत नाही. धूर देतं, पण त्याने अंगण सारवता येत नाही.

असो. पोळ्याचं सांगत होतो. आमच्या घरी त्या दिवशी बैलाच्या तोंडी पुरणपोळी गेल्याशिवाय कोणी ताटावर बसत नाही. आजोबांपासून यात खंड नाही. यंदा सकाळी पुरण शिजलं आणि सौ. विजयमाला चुलीपुढून म्हणाली, "मंग आता चारा तुमच्या इंजिनाले पोळी!" ती रागाने बोलली, पण मला त्यात धर्म दिसला. जो पाणी देतो त्याची पूजा करावी. मी इंजिन धुतलं, टाकीला गेरू लावला, बेगड चिकटवली, हरण्याची घुंगरमाळ खुंटीवरून काढून चाकाला बांधली. सजलं छान. आता सगळे बैल जमतात त्या गावच्या तोरणाखाली न्यायचं.

इथे एक गोष्ट ध्यानात आली. इंजिनाला चाकं असली तरी ते पाणी ओढतं, स्वतःला ओढत नाही. शेतात नेतानाही बैल लागतात. म्हणून शेजारच्या नत्थूजींकडे त्यांची जोडी मागायला गेलो. ते बैलांची शिंगं रंगवत होते.

"मोरूभाऊ, डोकं ठिकाणावर हाय ना? पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवाले सांगून राहिले?"

"मंग इंजिन जाईन कसं?"

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे. "दोन माना तं हायेतच," ते म्हणाले. "तुम्ही हरण्या व्हा, मी बांड्या होतो."

(ते साठीचे आहेत, मी पन्नाशीला टेकलो आहे. अशी जोडी बाजारात कोणी फुकट नेणार नाही.)

जू मानेवर घेऊन आम्ही निघालो. नदीच्या उतारावर इंजिन आमच्या पुढे जाऊ पाहत होतं आणि चढावर मागे. तोरणाखाली पोहोचलो तेव्हा सगळे बैल वळून पाहत होते. त्यांच्या नजरेत थट्टा नव्हती, ओळख होती. थट्टा माणसांनी केली. यशवंतराव पाटलांनी, पोळ्यात चढाओढीने म्हणतात तशी, तिथल्या तिथे झडती रचली:

"बैलाले कडबा, इंजिनाले डबा,
मोरूभाऊचा डबा रिकामा उभा!
हर बोला हर हर महादेव!"

मग रीतीप्रमाणे दारोदार फिरलो. म्हाताऱ्या शकुबाईंनी आरती घेऊन इंजिनाला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "बाप्पा, याचं तोंड कोणीकडं हाय?" मी टाकीचं झाकण उघडून दाखवलं. त्यांनी आत वाकून पाहिलं. "हे तं उपाशीच हाय," म्हणाल्या, आणि पुरणपोळी मोडून एक घास नत्थूजींच्या तोंडात घातला, एक माझ्या. आम्ही धापा टाकत होतो. नको म्हणायलाही दम नव्हता. अशा रीतीने घरचा नेम मोडला नाही.

संध्याकाळी खांदा हलेना. सौ.ने लोणी-हळद ऊन केली, पळसाच्या पानाने माझा खांदा शेकला आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकताना म्हणतात तेच हळूच म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मी हसलो. तीही हसली. नंतर आम्ही दोघेही रिकाम्या गोठ्याकडे पाहत बसलो.

इथे थांबतो. मान वाकवून लिहिणं अजून जड जातं. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

आपला,
मोरेश्वर

ता. क. : बहिणीच्या घरी दिलेलं परत मागू नये, हे मी जाणतो. म्हणून काही मागत नाही. महालक्ष्म्यांना सरलेला मात्र माहेरी पाठवावं. मोटरचं भाडं पुन्हा वाढलं आहे, तेव्हा बंडीनेच पाठवावं. बंडीला हरण्या-बांड्याच जुंपावे, त्यांना वाट ठाऊक आहे. आणि तिला न्यायची पंधरा-वीस दिवस घाई करू नये. मोट आढ्यावरून काढून तेल लावून ठेवली आहे.

दुसरा ता. क. : सरलेला यायला जमलं नाही, तर बंडी रिकामी पाठवली तरी चालेल. हे वाक्य तिला वाचून दाखवू नये.