गळ्यावरची हळद

आये, काल पहिली कोण आली म्हणशील तर माझी नात नाय, तिच्याबरोबरची म्हातारी. नात मागून फोनवर बोलत चढण चढत होती. म्हातारीला दारात बघितलं आणि माझ्या हातातलं सूप तिथंच राहिलं. वरच्या वाडीच्या विहिरीतून जी बाई काढली होती ना, तिचाच चेहरा, फक्त केस पांढरे. तिची लेक ती. तेव्हा पाळण्यात होती, आता आईच्या तिप्पट वयाची हाय.

नात तुला ठाऊक नाय. माझ्या लेकाची पोरगी, खुनाच्या बातम्या लिहिते. सुरुवात महाडच्या छोट्या पेपरात, तेव्हा एमआयडीसीच्या कामगारांच्या गाडीत बसून जायची. आता मुंबईच्या मोठ्या पेपरात हाय, पोलिसांनी बांधून ठेवलेली जुनी प्रकरणं उकरते. तिची आई म्हणते, हिला कोण करून घेणार? मी म्हणते, राहू दे गो, हिला बघून पोलीस खुर्ची देतात.

चहा झाला तसा तिनं फोन माझ्यासमोर ठेवला. "आजी, पाय घसरून विहिरीत पडली असं पोलिसांच्या कागदावर आहे. खाली चार पुरुषांच्या सह्या. मला एवढंच सांग, तिला आंघोळ कोणी घातली?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, आये.

"माझ्या आयेनं. मी लहान होते, पाणी आणून देत होते. काय आठवत नाय."

म्हातारी हळू बोलली. "वाडी म्हणायची, तुझी आय तुला टाकून विहिरीत गेली. मी रागानं तिच्या नावाचं पान कधी वाढलं नाय." बोलता बोलता ती गळ्यावरून हात फिरवीत होती, डाव्या बाजूला. मी तिकडून नजर काढली.

कारण तिच्या आयेच्या गळ्यावर तिथंच उमटली होती, चार बोटं आणि अंगठा. मी हंडा घेऊन उभी. तू माझ्याकडं बघितलंस, वाटी ओढलीस आणि सवाष्णीला लावतात त्याच्या कितीतरी पट हळद तिच्या गळ्याला थापलीस. "बघतेस काय गो, पाणी ओत." घरी येताना एवढंच म्हणालीस, "तिच्या नवऱ्याच्याच विहिरीवर उद्या घागर न्यायची हाय." नेली आपण. वर्षभर त्या पाण्याला मला हळदीचा वास यायचा. तुला विचारायची छाती झाली नाय.

तिचा नवरा कधीच मेला. बघणारी मी एकटीच उरले. बोलले तर झाकणारी म्हणून तुझंही नाव पेपरात येईल, म्हणून गप्प बसले. निघताना नात हसली. "आजी, खोटं बोलताना तू पदर नीट करतेस." ओळखलंन पोरीनं. लाज वाटली, पण ऊर भरून आला.

हे पत्र धाडू कुठं, उशाखाली ठेवते. मी सांगणार हाय, आये. तू असतीस तर जीभ उचलली नसती. तू नायस ह्याचं काल पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. रविवारी येतो म्हणाल्यात दोघी, जेवणाच्या आधी.