जोसायाच्या दोन ओळी

१० जानेवारी, शनिवार

दिली. माळ सावकारीण डोरकासच्या पेटीत गेली.

दहा पदरांची, लाल शिंपल्यांची, बापाने मरताना माझ्या हाती सोपवलेली. माझी नाही, साऱ्या घराण्याची. मी फक्त राखणारा. आमच्या खाडीत लग्न ठरतं ते अशाच माळेवर. डोरकासने एकेक पदर बोटांत फिरवून पाहिला. म्हणाली, "स्वयंपाक्या, तुझ्या हातचा भात माझ्या पोरांनी शाळेत खाल्लाय, म्हणून तुला पंधरवड्याला शेकडा दहा व्याज. बाकीच्यांना वीस लावते." वर हसली. मीही हसलो! कशाला हसलो?

चार हजार डॉलर. ईस्टरच्या आत शाळेला आमची खोली नव्या मास्तरांसाठी हवी आहे. गावातल्या घराला भिंती आहेत, छप्पर नाही. चौदा मार्चला मला पन्नास पूर्ण. त्या दिवसापासून पगारातून कापलेला फंड मागता येतो. तोवर थांबताही आलं असतं, पण छपराविना पावसात बायकोला, मिरियमला, कुठे ठेवू? वीस मार्चच्या आत डोरकासचे पैसे दिले नाहीत तर माळ तिची. दोनच महिने, देवा. तेवढे नजरेआड कर.

११ जानेवारी

प्रार्थनेत मालाकीदादा, माझा थोरला भाऊ, शेजारी बसला होता. त्याच्याकडे पाहिलं नाही.

२४ जानेवारी

पत्रे आले. मिरियम खाली उभी राहून खिळे देत होती. "पैसे कुठून आणलेत?" मी म्हटलं, शाळेने उचल दिली. तिने पुढचा खिळा वर दिला. म्हणाली, "शाळा एवढी मायाळू कधीपासून झाली?"

पत्रा ठोकताना दोन खिळे वाकडे केले. उंचीमुळे नव्हे.

८ फेब्रुवारी, रविवार

जे व्हायला नको होतं तेच झालं. प्रार्थना सुटल्यावर मालाकीदादाने सगळ्यांसमोर खांद्यावर हात टाकला. "धाकट्या, अठ्ठावीस मार्चला माझ्या पोराच्या लग्नाच्या माळा मुलीकडे द्यायच्या. मुलीकडचे दहा मागतात, नऊ माझ्याकडे जमल्यात. दहावी आपली, बापाची. ती मधोमध टांगायची, सगळ्यांना दिसेल अशी!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी म्हणालो, हो दादा. दुसरं काय म्हणणार?



९ फेब्रुवारी

हिशेब जमतो. चौदाला पन्नास, सोमवारी अर्ज, पैसे चार दिवसांत मिळतात म्हणे. वीसच्या आत माळ घरी. जमतो. पुन्हा केला. जमतो.

२० फेब्रुवारी

आधीच चौकशी करावी म्हणून फंडाच्या कचेरीत गेलो. खिडकीत बसलेला पोरगेला कारकून, कॉलर कडक. "काका, बाप्तिस्म्याचा दाखला?" जुना दाखला वाळवीने खाल्ला, तो कागदाच्या पुडीत बांधून नेला होता. पुडी उघडली तर भुसा! तो हसला नाही, चांगला मुलगा. म्हणाला, "मिशनमधून नवा उतारा आणा, फादरच्या सहीचा. आमच्याकडची तारीख त्याच्याशी जुळली की झालं."

सोपं आहे. 

२७ फेब्रुवारी



फादर टिमोन म्हातारे झालेत, डोळ्यांजवळ वही धरून वाचतात. चामड्याच्या पुठ्ठ्याची जाडजूड नोंदवही. बोट खाली सरकलं. "जोसाया इरोफियाला. जन्म चौदा मार्च शहात्तर. हा तू." मग बोट थांबलं. समासात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: मयत, नोव्हेंबर सत्याहत्तर.

फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

बोट आणखी खाली सरकलं. पुन्हा जोसाया इरोफियाला. तेच आईबाप. जन्म दोन मे अठ्ठ्याहत्तर. त्या ओळीच्या समासात काही नाही.

तरुणपणी नोकरीसाठी दाखला मागितला तेव्हा कुणी तरी घाईत पहिला सापडलेला जोसाया उतरवून दिला. समास पाहिलाच नाही. आणि मी तीस वर्षं त्याच्या वयावर भाकरी खातोय.

१ मार्च, रविवार

सारामावशीकडे गेलो. आईची धाकटी बहीण, आता आंधळी, पण आवाजावरून सगळ्यांना ओळखते. विचारलं. तिने सुपारी एका गालात सारली.

"होता की. तुझ्या आधी. दगडांवरून पाण्यात गेला. तुझी आई त्याला हाका मारायची थांबेना रे. दाराशी उभी राहून, रोज, जोसाया, जोसाया. मग तू झालास. तुझ्या बापाने तेच नाव ठेवलं. म्हणाला, हाक मारतेच आहे, तर ओ द्यायला कुणी असू दे."

मी विचारलं, मला कुणी सांगितलं का नाही? मावशी म्हणाली, "सांगून काय, तू ओ द्यायचा थांबला असतास."

चालत परत आलो. वाटेत पोरांनी मला नावाने हाक मारली. वळलो नाही.

४ मार्च

मी अठ्ठेचाळीस वर्षांचासुद्धा पुरता नाही. खरं सांगितलं तर फंड दोन वर्षांनी. डोरकास वीसला माळ विकेल. अठ्ठावीसला मालाकीदादाच्या अंगणात सगळ्या गावासमोर मधली जागा रिकामी. लग्न मोडेल. मुलीकडचे आम्हाला तोंड दाखवू देणार नाहीत.

आणि गप्प बसलो तर कुणाचं काय जातं? पैसे माझेच आहेत. माझ्याच पगारातून कापलेले. तो बिचारा आधीचा जोसाया कशाला मागायला येणार?

असं लिहिलं आणि वही मिटून टाकली. पुन्हा उघडली आहे.

६ मार्च

फादरना भेटलो. सगळं सांगितलं, माळेचंही. वाटलं ते ओरडतील, किंवा माफ करतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. दौतीचं झाकण काढलं.

"दोन्ही ओळी मिशनच्या वहीत आहेत. दोन्हींवर तुझं नाव आहे. समासातली पेन्सिल उताऱ्यात येत नाही. माझी सही एकाखालीच होईल. तू सांग, कुठली उतरवू?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा फादर.

"मी सांगितलं तर मग रात्री झोप मला लागणार नाही. तुझी तू बघ. शुक्रवारी ये."

८ मार्च

पापकबुलीच्या प्रार्थनेत सगळे मोठ्याने बोलतात. मी ओठ हलवले.

१० मार्च

ठरवलं. वरची.

११ मार्च

ठरवलं म्हणजे ठरवलं. मुलांसाठी रताळी उकडली, नारळाचं दूध घालायचं विसरलो. पोरं ओरडली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१२ मार्च, गुरुवार

मालाकीदादा संध्याकाळी होडी घेऊन आला. माळ बघायला! पदर तुटके असतील तर ओवून घेऊ म्हणाला. मिरियमने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. घरची पेटी उघडायला सांगेल आता. 

मग मी बोललो. छप्पर, डोरकास, दाखला, उद्या फादरना वरची ओळ उतरवायला सांगणार आहे, सगळं. भाऊ मारेल असं वाटलं, मारावं असंही वाटलं.

मालाकीदादाला हातातला कप खाली ठेवता येईना. मिरियमने तो काढून घेतला.

"मी सहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "त्याला सांभाळायला मलाच बसवलं होतं. मी खेकडे धरायला गेलो. आईने मला एकदाही विचारलं नाही. तू झालास तेव्हा तुला आधी माझ्याच मांडीवर ठेवलं. पन्नास वर्षं मी घाबरतोय, हा एक दिवस विचारेल."

मिरियम त्याच्याजवळ जाऊन खाली बसली.

"माझ्या पोराचं लग्न लांबणीवर पडू दे. डोरकासकडे तुझ्याबरोबर मी येतो. मुलीच्या बापाचे पाय मी धरतो. पण वरची ओळ घेऊ नकोस, धाकट्या. त्या पोराकडे तेवढीच आहे."

१३ मार्च

खालची उतरवून घेतली. मालाकीदादाने समासातल्या पेन्सिलीवर बोट ठेवलं आणि ते उचलेना.